मुदखेडच्या पुढचा रस्ता

माझी बदली भोकरच्या अलीकडच्या एका गावात झाली, तेव्हा घरात कुणी शाळेविषयी काही विचारलं नाही. विचारलं ते रस्त्याविषयी.

आम्ही नांदेडच्या कडेला राहतो. पूर्वी इथं ज्वारीची रानं होती, आता प्लॉट पडलेत. घरापासून जवळच राज्यमार्ग आहे. सकाळी स्कूटी काढली की सुरुवातीला भीती वाटावी असं काही नसतं. टाइल्सची दुकानं, मंगल कार्यालयं, शाळांच्या पिवळ्या बसा, दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली. मग केळीच्या बागा लागतात. मुदखेड जवळ आलं की फुलांची शेतं दिसतात, आणि तोडणीच्या वेळी बायका ओळीनं वाकलेल्या असतात. मुदखेडच्या गर्दीतून बाहेर पडलं की थोडी शेतं, एक चहाची टपरी, आणि त्यानंतर जंगल.

तसं फार मोठं जंगल नाही. साग, पळस, टेंभुर्णी, मधेच एखादा जुना वड. पण रस्ता चढाला लागतो, वळणं सुरू होतात आणि मोबाइलची रेंज जाते. शाळेतल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून ठेवलं होतं. कुठल्या वळणावर ट्रक उलटला, कुठं बिबट्या रस्ता ओलांडताना दिसला, कुठं एका बाईला अडवून गळ्यातलं काढून घेतलं. यातलं खरं किती, कुणालाच माहीत नव्हतं. मी मात्र सगळंच खरं धरून चालले होते.

मी टपरीपाशी थांबून नवऱ्याला फोन करायची, "आता आत शिरते," म्हणून. मग एखादी एसटी किंवा मालट्रक येईपर्यंत वाट पाहायची आणि तिच्या मागं मागं जायची. पुढं कुणीतरी आहे एवढाच आधार. एकटीच जायची वेळ आली तर मोठ्यानं पाढे म्हणायची. शाळेत पोचल्यावर दुसरा फोन. घरी नवरा त्या फोनसाठी चहा थंड करून बसायचा, हे मला सासूबाईंनी पुढं कधीतरी सांगितलं.

दुसऱ्या वर्षी रस्ता रुंद करायचं काम निघालं. झाडांच्या बुंध्यांवर लाल-पांढरे आकडे पडले. शहराकडून तोड सुरू झाली आणि हळूहळू जंगलापर्यंत आली. एका मोठ्या वळणावर जुना वड होता. त्याच्या वरच्या फांद्यांना आग्या मोहोळं लोंबत असत, काळीशार, सुपाएवढी. माझ्या वर्गातली पोरं त्या वडाखालून जाताना बोलत नसत. मी त्यांना हसायची, पण तिथं आल्यावर हॉर्न मात्र मीही वाजवत नव्हते.

त्या फाल्गुनात आप्पा आमच्याकडं आले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. देवणीच्या जवळ आमचं गाव. आई गेल्यापासून ते तिथं एकटेच राहत होते, आणि चार दिवस लेकीकडं काढा म्हणून मी त्यांना आणलं होतं. शहरात त्यांचा जीव रमत नव्हता. गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे आणि म्हणायचे, एवढी माणसं रोज जातात कुठं? एका शुक्रवारी त्यांनीच विषय काढला. तुझी शाळा मी अजून बघितली न्हाई, म्हणाले. दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मी त्यांना स्कूटीवर मागं बसवलं.

शाळेत त्यांची मजाच झाली. मी त्यांना खुर्ची दिली, ते पोरांमध्ये सतरंजीवर जाऊन बसले. देवणी बैल कसा ओळखायचा, चांगल्या गाईचे कान कसे पडतात, ते सांगत राहिले. पोरांनी त्यांना उठूच दिलं नाही. माझा एक तास तिथंच गेला. निघताना आप्पा एवढे खूश होते की स्कूटीवर बसल्यावरही मागून बोलत होते आणि वाऱ्यात मला अर्धं ऐकू येत नव्हतं.

ऊन चढलं होतं. पळस फुलला होता. जंगलात शिरून थोडं अंतर गेलो आणि पुढं वाहनं उभी दिसली. वडाच्या वळणाअलीकडं एका बाजूचा रस्ता पिंपं लावून बंद केला होता. सगळ्यात पुढं एक ट्रक, त्याच्या मागं नांदेडकडं जाणारी एसटी, मग तीन-चार मोटारसायकली. आम्ही शेवटी जाऊन थांबलो. वळणाच्या पलीकडून जेसीबीचा आवाज येत होता. मोटारसायकलवाल्यांपैकी एकानं सांगितलं, फांद्या पाडून राहिलेत, दहा मिनिटं लागतील.

मी हेल्मेट काढलं नाही. उन्हात थांबायचा कंटाळा आला होता, एवढंच मला आठवतं. मग जेसीबीचा आवाज थांबला. आता सोडतील म्हणून मी चावी फिरवली.

तेवढ्यात वळणावरून दोन मजूर पळत आले. अंगातले शर्ट त्यांनी डोक्यावर ओढले होते. ते ओरडत नव्हते. आमच्याकडं न बघता ते आमच्या बाजूनं पळत गेले आणि मागं झाडांत दिसेनासे झाले. मला वाटलं मारामारी झाली. मग वाटलं, बिबट्या. पुढचे मोटारसायकलवालेही गाड्या टाकून रस्त्याखाली उतरले. एसटीच्या खिडक्यांच्या काचा एकामागून एक धाडधाड बंद व्हायला लागल्या.

"माशा हायेत," आप्पा म्हणाले. "खाली बस. हात हलवू नको."

मला आधी आवाज आला. लांबून पाण्याची मोटर चालावी तसा. मग वळणावरची हवाच काळपट दिसली, आणि पुढच्या क्षणी ती आमच्यावर होती.

पहिला डंख मानेवर बसला. मग हातांवर, पाठीवर, कुर्त्याच्या आत. आप्पांनी सांगितलं होतं हात हलवू नको, पण ते माझ्या हातात नव्हतं. स्कूटी आडवी झाली. एक माशी हेल्मेटच्या आत शिरली आणि कानापाशी घुमायला लागली. तो आवाज मी कुणाला सांगू शकत नाही. मी किंचाळत हेल्मेटचा पट्टा ओढत होते आणि तो सुटत नव्हता. शेवटी सुटला तेव्हा हेल्मेट कुठं फेकलं मला माहीत नाही. आप्पांनी खांद्यावरची मोठी पांढरी दस्ती माझ्या डोक्यावरून, तोंडावरून टाकली आणि मला पोटाशी धरलं. दस्तीतून मला फक्त ऊन दिसत होतं आणि त्यावर चालणाऱ्या माशांच्या सावल्या. आप्पांचं डोकं उघडं होतं. टोपी कधीच पडली होती.

मी त्यांना एसटीकडं ओढलं. जवळ दुसरं काही नव्हतं. दाराशी जाऊन मी दोन्ही हातांनी पत्रा बडवला. काचेच्या आत माणसं उभी होती. एकीनं पदर तोंडात धरला होता. ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं, मधे काच. आतून एका माणसाचा मोठा आवाज आला.

"दार उघडू नका. समदे मरताल."

मी बडवत राहिले. काय बोलत होते ते आठवत नाही. आप्पांचे गुडघे वाकले आणि ते दाराच्या पायरीशी टेकले. त्यांचे केस पांढरे होते, ते आता दिसतच नव्हते, इतक्या माशा डोक्यावर बसल्या होत्या. ते मला म्हणाले, "तू पळ, माय. मागं नको बघू." आवाज शांत होता. आपल्या डोळ्यांदेखत आपला बाप मरणार, आणि तोही शाळा बघायला आला म्हणून, असं स्पष्ट माझ्या मनात आलं.

तेव्हा दार उघडलं.

कंडक्टर एक बाई होती. माझ्यापेक्षा लहान, खाकी गणवेशात. तिनं आधी आप्पांचं बखोट धरलं, मी मागून ढकललं, आणि आम्ही तिघं आत पडलो. दार तिनं पायानंच लोटलं. पण तेवढ्या वेळात आमच्याबरोबर माशाही आत आल्या होत्या. बसमध्ये एकच गोंधळ उडाला. लोक पिशव्यांनी, चपलांनी माशा मारायला लागले. लेकरं रडत होती. कुणीतरी आम्हाला शिव्या देत होतं. कंडक्टरबाईचा ओठ बघता बघता सुजला, तरी ती सगळ्यांना काचा उघडू नका, खाली बसा, म्हणून सांगत होती.

बुरखा घातलेली एक म्हातारी बाई सीटवरून उठली आणि खाली आप्पांपाशी बसली. स्वतःच्या ओढणीनं ती त्यांच्या डोक्यावरच्या माशा चिरडायला लागली. "आँखां बंद रखो भाई, आँखां मत खोलो," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्या हातांवर माशा चावत होत्या. ती हात झटकायची आणि पुन्हा ओढणी दाबायची.

पुढचा ट्रक कधी हलला मला कळलं नाही. आमची बस पडलेल्या फांद्यांवरून खडखडत निघाली. वडाखालून जाताना सगळे एकदम गप्प झाले. काचेवर बाहेरून माशा आदळत होत्या, गारा पडाव्यात तशा.

मुदखेडपर्यंतचा तो रोजचा रस्ता मला पाठ होता, पण त्या दिवशी संपतच नव्हता. आप्पांचे ओठ, पापण्या, कान सुजून एक झाले होते. त्यांच्या श्वासातून शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला. मी हाक मारली की ते "हाव" म्हणायचे. मग नुसती मान हलवायला लागले. मग मानही हलेना. रेंज आली तेव्हा नवऱ्याला फोन लावायला घेतला, पण माझ्या सुजलेल्या बोटांना बटणं दाबता येईनात, तेव्हा कंडक्टरबाईनंच फोन लावून सांगितलं. ड्रायव्हरनं बस स्टँडवर न नेता थेट दवाखान्याच्या फाटकात घातली.

तिथं इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. डॉक्टर आप्पांच्या छातीवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. नर्स माझ्या मानेतले काटे काढत होती, ते दुखत होतं की नाही हेही मला कळत नव्हतं. थोड्या वेळानं शिट्टीचा आवाज कमी झाला. डॉक्टर म्हणाले, नांदेडला हलवू, पण आता घाबरू नका. ते ऐकून मी घाबरायला खरी सुरुवात केली. दातांवर दात वाजायला लागले, ते थांबेनात.

नांदेडच्या दवाखान्यात आप्पांच्या शेजारच्या खाटेवर पन्नाशीचा एक माणूस होता. त्यालाही माशा चावल्या होत्या. त्या दिवशीच्या बसमधलाच होता. आमच्याबरोबर आत आलेल्या माशांनी त्याचा चेहरा फोडून काढला होता. त्याचा आवाज ऐकला आणि मी ओळखलं. दार उघडू नका म्हणून ओरडला तो हाच. मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. आप्पांनाही सांगितलं नाही. त्याची बायको डबा घेऊन यायची आणि आम्हालाही भाकरी द्यायची. मी ती घ्यायची आणि तशीच गुंडाळून ठेवायची.

आप्पांचे डोळे उघडायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस आपल्या खाटेवर उठून बसला आणि आप्पांकडं बघून म्हणाला, "काका, एक बोलायचं हाय. दार उघडू नका म्हणलेला मीच हाय."

आप्पांनी मान त्याच्याकडं वळवली.

"लेकरं होती का संगं?" त्यांनी विचारलं.

"नातू होता. मांडीवर."

"मग बरोबर हाय," आप्पा म्हणाले. "मी आत असतो आन् मांडीवर ही असती, तर मीबी तेच म्हणलो असतो."

तो माणूस रडायला लागला. मला मात्र त्याला माफ करावंसं वाटलं नाही. खूप दिवस वाटलं नाही. आप्पा त्याच्याशी बैलांचं बोलायला लागले आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले. त्या माणसाच्या बायकोनं डिस्चार्जच्या दिवशी माझ्या ओटीत नारळ घातला. नातवाला काही झालं नव्हतं. तो व्हरांड्यात खांबाभोवती पळत होता.

आप्पा बरे झाले. पुढच्याच आठवड्यात गावी गेले. फोनवर त्या दिवसाचं कधी बोलत नाहीत. शेजारी सांगतात, आता ते झाडाखाली खाट टाकत नाहीत, उन्हाळ्यातसुद्धा आत झोपतात.

वळणावर नेमकं काय झालं, तेही कधी नीट कळलं नाही. कुणी म्हणालं जेसीबीचा दात मोहोळाच्या फांदीला लागला, कुणी म्हणालं मध काढणाऱ्यांनी सकाळीच धूर करून माशा खवळून ठेवल्या होत्या. दोन-तीन दिवस काम बंद होतं. मग रात्रीतून वड पाडला, असं ऐकलं.

माझ्या अंगावरची सूज उतरली, आवाज मात्र राहिला. मिक्सर लावला की मी दुसऱ्या खोलीत जायची. रस्त्यानं मोटारसायकल गेली, वर्गात एखाद्या पोरानं ओठ मिटून गुणगुणलं, तरी मान आखडायची. एकदा टीव्हीवर पाणबुडी मोटरची जाहिरात लागली तर मी उठून उभी राहिले. नवरा म्हणाला, बदलीचा अर्ज करू. अर्ज केला. पण मधल्या दिवसांत शाळेत जाणं भाग होतं. स्कूटी मी पुन्हा त्या रस्त्यावर घातली नाही, एसटीनं जायला लागले. पहिल्या दिवशी जंगल सुरू झालं तसं मी समोरच्या सीटची दांडी धरली, ती शाळेचा थांबा येईपर्यंत सोडली नाही. वळण आलं तेव्हा डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वडाच्या जागी नुसता मुरूम होता, लालभडक, आणि ऊन थेट रस्त्यावर पडलं होतं. बिबट्याची, चोरांची मला आता आठवणही येत नव्हती. मी फक्त आकाश बघत होते.

त्या कंडक्टरबाईला मी रोज शोधत होते. तिची ड्यूटी दुसऱ्या मार्गावर गेली होती. पावसाळा उलटल्यावर एका दुपारी मुदखेडच्या स्टँडवर ती दिसली. हातात तिकिटाचं मशीन घेऊन ती बसच्या दाराशी उभी होती. मी जाऊन तिचा हात धरला. तिनं मला ओळखलं नाही. माझा चेहरा तिनं सुजलेलाच पाहिला होता. कोण ते सांगितल्यावर तिनं पहिलं विचारलं, "बाबा हायेत का?" आहेत म्हटल्यावर तिनं डोळे मिटले आणि उघडले.

मला तिचे आभार मानायचे होते, पण तोंडून भलतंच निघालं. मी विचारलं, तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?

"लई वाटली," ती म्हणाली. "तो माणूस ओरडला तवा मी कडीवरचा हात काढला होता. मग तुमच्या वडलांचं डोकं खाली गेलेलं दिसलं आन् हात परत कसा गेला, मलाच न्हाई माहीत. पुन्हा तसं झालं तर उघडीन का, सांगता येत न्हाई ताई. घरी लेकरू हाय माझं."

मागून लोक चढायला लागले होते. तिनं मला आधी वर घेतलं, तिकीट फाडायच्या सवयीनं अंगठा ओला केला, मग हसून मशीनचं बटण दाबलं. बसमध्ये उकाडा होता. लोक काचा सरकवत होते. मी दोन्ही बाजूंच्या खिडक्यांपासून लांब, मधल्या जागेवर जाऊन बसले, आणि शेजारच्या माणसाला विचारलं, तुमच्याकडची काच बंद करता का? त्यानं माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं, पण काच ओढून घेतली.